घराच्या पाटीसाठी करून घेतलेल्या टाइल्स: हळर्ण, पेडणें

मे महिन्यात हळर्णातल्या आमच्या घराच्या फाटकाला सहा टाइल्सची पाटी लावली. अख्खा पावसाळा तिच्या अंगावरून गेला. दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फडक्याने पुसली, तर निळा रंग पहिल्या दिवशी होता तसाच लखलखीत निघाला. म्हणून आता मनापासून लिहितो. पणजीत मळा आणि फोंतेन्हास यांच्या मधल्या गल्लीत एक म्हातारे बाब आणि त्यांची मुलगी हाताने रंगवलेल्या टाइल्स करून देतात. मागची बाजू कारखाना, पुढची खोली दुकान. घराची पाटी करायची असेल, आणि त्यातही गोव्यातल्या गावाचं नाव घालायचं असेल, तर इथेच जा. कारण हे लोक अक्षर रंगवण्याआधी ते ऐकतात.

मी म्हापशाच्या टपाल कचेरीत चौतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी पत्रं छाटण्यात. एकाच गावाची तीन-चार रूपं रोज हाताखालून जायची. पिन कोड १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला, आणि ४०३५१२ दिसलं की डोळे मिटून पेडण्याच्या खणात टाकता यायचं. पण पिन न लिहिणारी माणसं शेवटपर्यंत होती. नुसतं ‘फोंडा’ लिहिलेलं असलं की खालची ओळ बघावी लागे, कारण एक फोंडा आमचा आणि दुसरा कणकवलीजवळचा फोंडाघाट. इंग्रजी पत्त्यात आमच्या फोंड्याचा पहिला उच्चार ‘प’ होतो, त्यामुळे बाहेरचा माणूस ‘पोंडा’ म्हणून विचारत येतो. मुंबईकडून येणाऱ्या आंतरदेशीय पत्रांवर तर चक्क देवनागरीत ‘मु. पो. पेर्नेम’ असं असायचं. इंग्रजी पाटीवरून वाचून पुन्हा आपल्या लिपीत उतरवलेलं. ते बघून दर वेळी वाईट वाटायचं. पेडणे हे नाव ज्यांच्या आजी-आजोबांच्या तोंडी होतं, त्यांचीच नातवंडं ‘पेर्नेम’ लिहीत होती.

तेव्हा माझं ठाम मत होतं की पोर्तुगिजांनी आमच्या नावांची वाट लावली. पेडणेचं पेर्नेम, साखळीचं सांकेलीम, डिचोलीचं बिचोलीम. पाटीच्या कामाला गेलो तोही हेच मनात धरून. वरच्या ओळीत देवनागरी आणि खालच्या ओळीत रोमन, एवढं ठरलं होतं. रोमन ओळ वडिलांच्या जुन्या पोर्तुगीज दाखल्यावरून घ्यायची होती. तो दाखला आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली जपलेला. त्यावर टंकलेखन केलेलं आहे: जन्म आलोर्ना, कोंसेल्यु पेर्नें. कोंसेल्यु म्हणजे तालुका. आलोर्ना म्हणजे आमचं हळर्ण.

मुलीने दाखला दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे नेला आणि विचारलं, “काका, तुमचो गांव तुमी कसो म्हणटात? बरयनात, म्हणून दाखयात.” लिहू नका, म्हणून दाखवा. मी म्हटलं, हळर्ण. मग म्हणाली, तालुका? मी म्हटलं, पेडणे. ती म्हणाली, नाही, तुमची आई कसं म्हणायची तसं म्हणा. मी म्हणालो आणि माझा मीच थबकलो. आई ‘पेडणें’ म्हणायची. शेवटचा स्वर नाकात. आम्ही सगळेच घरात तसं म्हणतो, लिहिताना फक्त तो टिंब देत नाही.

मग तिचे पाई, म्हणजे वडील, बाहेर आले. ऐंशीच्या घरातले, पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्राव म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत शिकलेले. त्यांनी बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने रोमन अक्षरांत ‘पेर्नें’ लिहिलं, शेवटच्या ‘ई’वर तिरकी रेघ दिली आणि ‘एम’ला गोल केला. म्हणाले, हा एम ओठ मिटून म्हणायचाच नसतो. पोर्तुगीजमध्ये ‘होय’ला शब्द आहे तो एस-आय-एम असा लिहितात आणि ‘सीं’ असा म्हणतात. ‘चांगला’ याला बी-ओ-एम लिहितात आणि ‘बों’ म्हणतात. एम म्हणजे तुमचा अनुस्वार. ती तिरकी रेघ सांगते की जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा. आता वाचा. मी वाचलं: पेर्नें. ‘र’च्या जागी ‘ड’ घातला की आईच बोलली!

तो ‘र’ही त्यांनी समजावला. पोर्तुगीज माणसाच्या जिभेला आपला ‘ड’ येत नाही, त्याची जीभ टाळूकडे वळत नाही. जवळचा आवाज म्हणून तो ‘र’ लिहितो. म्हणून मडगांवचं मार्गांव, कुडचड्याचं कुर्चोरें, कुडतरीचं कुर्तोरीं. ‘ह’ त्यांच्याकडे लिहिला तरी म्हणत नाहीत, म्हणून हरमलचं आरांबोल आणि हळर्णचं आलोर्ना. आमच्याकडचा ‘अ’ बोलताना जरा गोल होतो, तोही त्यांच्या कानाने टिपला आणि ‘ओ’ लिहिला. मडगांवच्या शेवटी ‘ए’वर नागमोडी रेघ आणि पुढे ‘ओ’ आहे ना, त्याचा उच्चार जवळजवळ ‘आंव’. गांवमधला आंव. पोर्तुगीज लिपीत याहून जवळचं काही लिहिताच आलं नसतं.

मी छाटणीच्या टेबलाशी चौतीस वर्षं ही नावं पाहिली आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांकेलीममधला ‘सान’ एखाद्या संताचा असेल असं वाटणारे पर्यटक मी पाहिलेत. तो संत नव्हे, ‘सांखळीं’मधला पहिला अनुस्वार आहे, शेवटचा एम हा दुसरा. केपें, सांगें, मांद्रें, पार्सें यांच्या शेवटी एम आहे तो त्याच कारणाने. नंतर इंग्रजी शिकलेल्या माणसांनी तो एम इंग्रजी पद्धतीने ओठ मिटून वाचला आणि ‘पेर्नेम’, ‘केपेम’ जन्माला आलं. पोर्तुगिजांनी कानाने ऐकून नीट लिहिलं होतं. वाचण्यात चूक झाली ती पुढे.

आणि एक गोष्ट मला त्या दुकानातून परतताना बसमध्ये लागून राहिली. मराठीत आपण हा अनुस्वार स्वतःच्या हाताने काढला. जुन्या पुस्तकांत पुणें, ठाणें, पेडणें असंच छापलेलं आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नियम केले, तेव्हा ज्यांचा स्पष्ट उच्चार होत नाही असे अनुस्वार गेले. पुण्यामुंबईकडे तो उच्चार विरला होता, त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. आमच्या पट्ट्यात तो विरला नव्हता, आजही विरलेला नाही. म्हणजे देवनागरीतून गेलेला माझ्या आईचा स्वर पोर्तुगीज कागदावर मात्र शाबूत राहिला. ज्या एमचा मी आयुष्यभर राग केला, त्यानेच तो सांभाळला.

तेव्हाच ठरवलं, पाटीवर ‘पेडणें’ लिहायचं, टिंब देऊन. कोंकणीतही असंच लिहितात. एकाच ओळीत घरातली बोली आणि वडिलांच्या काळची मराठी, दोन्ही आली.

पणजीच्या नावाची गंमतही त्याच दुकानात कळली. मराठी माणसाला पणजी म्हटलं की आजीची आई आठवते, आणि शहराला हे नाव का, असं पुण्याहून आलेली पोरं हमखास विचारतात. नात्यातल्या पणजीशी त्याचा संबंध नाही. कदंबांच्या काळच्या, ११०७ सालच्या लेखात ‘पहजणीखळी’ असं नाव आलेलं आहे. त्यातली खळी म्हणजे खाडीचा आत शिरलेला फाटा. आज ओरें खाडीच्या काठाने चाललं की ती खळी पायाखाली असल्यासारखी वाटते. पोर्तुगिजांनी ते ‘पांजीं’ असं लिहिलं, ‘जी’ हे अक्षर वापरून, कारण त्यांच्याकडे ‘आय’च्या आधी ‘जी’चा उच्चार ‘झ’कडे जातो. इंग्रजांच्या सवयीने ‘जी’च्या जागी ‘जे’ आला आणि शेवटचा अनुस्वार पुन्हा ‘म’ झाला: पंजिम. मधल्या काळात, १८४३ पासून, राजधानी म्हणून या शहराचं सरकारी नाव नोव्हा गोवा म्हणजे नवं गोवा होतं. पण आमच्याकडची जुनी माणसं ‘पणजे जातां’ म्हणत राहिली.

मुंबईच्या नावाचंही तसंच. पोर्तुगीज कागदांत ते बोंबाईं आहे, त्याआधी मोंबाईंही. ‘बों बाइया’ म्हणजे चांगला उपसागर, त्यावरून बॉम्बे, असं शाळेत आम्हाला सांगत. पाईंनी मान हलवली आणि एका वाक्यात तो विषय संपवला: बाइया स्त्रीलिंगी आहे, पोर्तुगीज माणूस ‘बोआ बाइया’ म्हणेल, ‘बों’ कधीच म्हणणार नाही. त्याच ओघात त्यांनी त्यांच्या धंद्याचा शब्दही उलगडला. या टाइल्सना पोर्तुगीजमध्ये ‘अझुलेजु’ म्हणतात, आणि ‘अझुल’ म्हणजे निळा म्हणून निळ्या टाइल्सचं हे नाव, असं सगळे समजतात. तो शब्द अरबी आहे, अझ-झुलैज, गुळगुळीत दगडाचा तुकडा. रंगाशी त्याचं नातं नाही. हे त्यांनी मला हिरव्या काठाची टाइल हातात देऊन सांगितलं.

आता माल. सहा टाइल्स, प्रत्येकी सहा इंच चौरस, तीन आडव्या आणि दोन उभ्या. ५,४०० रुपये. अक्षरावर पैसे नाहीत, टाइलवर आहेत, त्यामुळे लांब नावाच्या गावाला दंड बसत नाही. निम्मे आधी, निम्मे घेताना. तयार पांढऱ्या चकचकीत टाइलवर काम होतं. आधी बटर पेपरवर अक्षरं काढतात, त्यांच्या कडेने सुईने भोकं पाडतात, कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटतात. कागद उचलला की ठिपक्यांचं अक्षर उरतं. मग कुंचला. मी पाहिलं तेव्हा रंग निळा नव्हताच, पावसाळी ढगासारखा राखाडी-जांभळा होता, आणि मी घाबरून विचारलं की रंग बदलला का. तो कोबाल्ट आहे, भट्टीत ८०० अंशांच्या आसपास तापल्यावर निळा होतो. दोन दिवसांनी पाहिला तेव्हा खरंच निळा झाला होता, आणि बोटाने घासला तर अक्षराची कडसुद्धा जाणवत नव्हती.

पहिल्या खेपेला चूक झाली ती सांगतो, कारण तुम्हीही तिथे लक्ष ठेवा. सहा टाइल्स टेबलावर मांडल्या तर ‘हळर्ण’चा रफार नेमका पहिल्या आणि दुसऱ्या टाइलच्या सांध्यावर. मधल्या फटीने त्याची गाठ खाल्ली होती आणि लांबून ‘हळण’ वाचलं जात होतं. रोमन ओळ मध्यावर बसवताना देवनागरी ओळ सरकली होती, आणि अक्षर सांध्यापासून दूर आहे की नाही हे पाहताना डोक्यावरचा रफार कोणी मोजला नाही. मुलीच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. तिने दोन टाइल्स बाजूला काढल्या, ‘ह्यो हांव परत करतां’ म्हणाली, आणि जादा पैसा न घेता दोन्ही नव्याने रंगवून भाजल्या. देवनागरी पाटी करताना रफार, वेलांटी, अनुस्वार कागदावर असतानाच पट्टीने मोजून घ्या. एकदा भट्टीत गेलं की पुसता येत नाही.

उशीर झाला. तीन आठवडे सांगितले होते, पाच लागले. त्यातला एक आठवडा रफाराचा, बाकीचा त्यांचा. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. काठाची नक्षी त्यांच्याकडे ठरलेली आहे, वेलबुट्टी, गलबतं, कोंबडा. मला भाताची लोंबी हवी होती, ती नव्याने काढायचे वेगळे पैसे सांगितले, मी साधी निळी रेघ घेतली. बांधाबांध मात्र चांगली, प्रत्येक टाइल वेगळी गुंडाळून मधे पुठ्ठा. बसने पेडण्यापर्यंत आणि तिथून रिक्षाने नेली, एकही कोपरा उडाला नाही.

लावायची कशी हे ते सांगत नाहीत. आमचा खांब चिऱ्याचा आहे, आणि चिरा पावसात पाणी पितो. गवंड्याने आधी तेवढ्या चौकोनावर सिमेंटचा गिलावा केला, आठवडाभर सुकू दिला, मग टाइल्स बसवून सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले. चिऱ्यावर थेट लावू नका.

पाटी लागल्यावर शेजारचे निवृत्त मास्तर येऊन उभे राहिले. त्यांनी मला चौथीत शुद्धलेखन शिकवलं आहे. म्हणाले, “अरे, णे वरचा टिंब चुकलाय तुझा.” मी म्हटलं, “मास्तर, एकदा मोठ्याने म्हणा.” त्यांनी म्हटलं. मग पुन्हा एकदा म्हटलं. नंतर चहा होईपर्यंत ते गावांची नावं म्हणत होते, तुयें, पार्सें, उगवें, आणि प्रत्येकाचा शेवट बोटाने हवेत टिंब देऊन दाखवत होते.

मी पाटीचा फोटो लिस्बनला असलेल्या भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं ते वाचून मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. त्याने लिहिलं, मामा, इथे हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण गाव म्हणून नाही. लिस्बनच्या वरच्या अंगाला अल्मेइरींजवळ ‘आलोर्ना’ नावाची द्राक्षांची मोठी वाडी आहे. आणि मार्केझा द आलोर्ना ही त्यांची नावाजलेली कवयित्री, १७५० ते १८३९.

शापोरा नदीच्या काठी आमचा किल्ला आहे, आज झाडीत बुडालेला, बुरुजावर वडाची मुळं. १७४६ च्या मे महिन्यात गोव्याच्या व्हाइसरॉयने तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकला. त्याची पदवी आधी कास्तेलु नोव्हुचा मार्केझ अशी होती. त्या विजयाची आठवण म्हणून पोर्तुगालच्या राजाने ती बदलून ‘आलोर्नाचा मार्केझ’ केली. कवयित्री त्याची नात. तिच्या आईचं माहेर ताव्हरा घराणं, त्याच्यावर राजाच्या खुनाचा कट केल्याचा आरोप आला. बापाला कैद झाली, आणि ही मुलगी आई-बहिणीसह अठरा वर्षं चेलसच्या मठात कोंडली गेली. तिथेच ती शिकली, तिथेच लिहू लागली. पोर्तुगीज मुलं शाळेत तिचं नाव शिकतात, आणि त्या नावात आमच्या नदीकाठचं गाव आहे. ‘ह’ गळालेलं, ‘ळ’ सपाट झालेला, तरी गाव तेच.

हळर्ण म्हटलं की मला भाताची खाचरं दिसतात, किल्ल्याच्या पायथ्याशी म्हशी धुणारी माणसं दिसतात. भोसल्यांना तो हरलेला किल्ला, व्हाइसरॉयला जिंकलेली पदवी, लिस्बनच्या शाळेतल्या मुलीला एक कवयित्री, दुकानात बाटली उचलणाऱ्याला वारुणीची वाडी. माझ्या पाटीवर दोन ओळी आहेत आणि खालची ओळ मी केवळ वडिलांच्या दाखल्यासाठी घातली होती. आता ती त्याहून खूप मोठी झाली आहे. पेडणें महाल १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला आणि १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. एवढ्या वर्षांचं राज्य मला आवडतं असं अजिबात नाही, माझ्या आजोबांनी त्याचा जाच सोसला आहे. पण त्या अक्षरांवरचा राग मात्र गेला.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण उशिराचा आणि लोंबीचा. कामाला, आणि त्याहून त्या दोघांच्या कानाला, पूर्ण गुण.

दुसरी ऑर्डर देऊन आलो आहे, हिच्या माहेरच्या घरासाठी, म्हापसें. त्याच्या पोर्तुगीज नावात ‘सी’ला खाली शेपटी लागते, म्हणजे ‘क’ नव्हे, ‘स’ म्हणायचा. वसईच्या जुन्या पोर्तुगीज नावात, बासाईंमध्ये, हीच शेपटी आहे. बाजारातल्या बहुतेक पाट्यांवर ‘सी’च्या जागी सरळ ‘एस’ आला आणि शेपटी गेली. या वेळी कागदावरचं चित्र भट्टीत जाण्याआधी बघायला मी स्वतः पणजीला जाणार आहे, पट्टी घेऊन.